वेग कोण आवरणार, कॅमेरा की गस्त? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा चांगला की पोलिसांची गस्त? थेट सांगा.

महामार्गावरचा वेग कमी करायचा असेल तर कॅमेरा. दारू पिऊन चालवणारा, विनापरवाना पोरगा किंवा दिवे नसलेली ट्रॉली रस्त्यावरून बाजूला काढायची असेल तर गस्त. कॅमेरा गाडीचा नंबर धरतो, गस्त माणूस धरते. जिथे कॅमेऱ्याने भागते तिथे माणसे उभी केली, तर जिथे माणूसच लागतो ती जागा रिकामी राहते. कोल्हापुरात असे बऱ्याचदा होते. भर दुपारी चौकात चार जण चलन फाडत असतात आणि रात्री अकरानंतर गगनबावडा रस्त्यावर कोणीच नसते.

६० ऐवजी ८० ने गेलो तर असा काय फरक पडतो? रस्ता मोकळाच असतो की.

हिशेब करून बघा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे सरकते. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असतील तर थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर. ८० च्या वेगात नुसत्या विचारातच ३३ मीटर जातात आणि ब्रेकला ३५ मीटर लागतात, बेरीज ६८. शंभरला हाच आकडा ९७ पर्यंत जातो.

आता ४५ मीटरवर कोणी रस्ता ओलांडतोय असे धरा. ६० वाला त्याच्या पुढ्यात येऊन थांबतो. ८० वाल्याने त्याच क्षणी, तितकाच जोर लावून ब्रेक दाबला तरी त्या माणसापाशी पोचताना गाडीचा वेग ६५ च्या आसपास असतो. वीसचा फरक ६५ ची धडक होऊन अंगावर येतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. रस्ता ओला असेल तर ब्रेकचे अंतर आणखी पाऊणपट वाढलेले धरा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून सगळ्यांचा वेग पाच-सात किलोमीटरने खाली आणणे हे एखाद्या वेडगळ रायडरला पकडण्यापेक्षा मोठे काम आहे. ते काम कॅमेरा करतो.

कॅमेरा वेग मोजतो कसा? चुकत नाही का?

तीन तऱ्हा आहेत. रडार लाटा सोडते आणि गाडीवर आपटून परतलेल्या लाटेच्या बदललेल्या वारंवारितेवरून वेग काढते. लेझर गन प्रकाशाचे बारीक ठोके सोडते, प्रत्येक ठोका परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि अंतर किती भराभर घटतेय त्यावरून वेग सांगते. तिसरी तऱ्हा सरासरी वेगाची. दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचायची आणि मधले अंतर लागलेल्या वेळाने भागायचे.

रडार आणि लेझर गाडीच्या अगदी समोरून न धरता कोनात धरले तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला सहा टक्के. म्हणजे ही चूक चालकाच्या फायद्याची. तोट्याच्या चुका वेगळ्या असतात. लेझरचा ठिपका नंबरप्लेटवर स्थिर न राहता बॉनेटवरून काचेकडे सरकला, की यंत्राला अंतर अचानक बदलल्यासारखे वाटते. रडारच्या झोतात दोन गाड्या शेजारी असतील तर आकडा एकीचा आणि फोटो दुसरीचा येऊ शकतो. म्हणून लेझर गन रोज वापरण्याआधी चार गोष्टी तपासायच्या असतात: यंत्राची स्वतःची चाचणी, पडद्यावरचे सगळे आकडे उमटतात का, दुर्बिणीतला ठिपका खरोखर जिथे दिसतो तिथेच पडतो का, आणि टेपने मोजलेल्या ठराविक अंतरावरचा खांब यंत्र तेवढ्याच अंतरावर दाखवते का. तिसरी तपासणी टाळली जाते आणि वाद तिथेच उभे राहतात.

कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारला आणि पुढे सुटलो तर?

बरेच जण तेच करतात. कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक, कॅमेरा ओलांडला की पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात कॅमेऱ्यापासून ५०० मीटरपर्यंत अपघात स्पष्ट घटलेले दिसले आणि दीड किलोमीटरच्या पुढे उलट वाढल्याची चिन्हे दिसली. शिवाय मागचा ट्रक अंतर न ठेवता चिकटलेला असेल तर त्या ब्रेकनेच मागून धडक बसते.

यावर उतारा सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यांचा. समजा दोन कॅमेऱ्यांत १२ किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ८० ची आहे. ते अंतर कापायला किमान ९ मिनिटे लागलीच पाहिजेत. शंभरने गेलात तर ७ मिनिटे १२ सेकंदांत पोचता आणि सापडता. मध्ये चहाला थांबून वेळ भरून काढणारे असतात, पण तो चहा सगळ्यांच्याच हिताचा. ब्रिटनमध्ये असे कॅमेरे बसवल्यावर त्या टप्प्यांतले जीवघेणे आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१६ च्या एका पाहणीत आढळले. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून या पद्धतीची यंत्रणा चालू आहे.

पुणे-बेंगळुरू महामार्गाचा आपल्या भागातला टप्पा, म्हणजे किणी टोलनाक्यापासून शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव ते कागल, या पद्धतीला जोगा आहे. पण एक अडचण: मध्ये फाटे फार. शिरोलीला एमआयडीसीत वळलेली गाडी दुसऱ्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून इथे एक लांब टप्पा करण्यापेक्षा फाट्यापासून फाट्यापर्यंतचे तीन-चार आखूड टप्पे करावे लागतील. सहापदरीकरणाचे काम जिथे चालू आहे तिथे वळणरस्ते बदलले की अंतरही बदलते, आणि ते नव्याने मोजल्याशिवाय काढलेले चलन टिकणार नाही.

कॅमेऱ्यांनी खरोखर अपघात कमी होतात याला पुरावा काय?

२०१० मध्ये ३५ अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा निघाला. कॅमेऱ्यांच्या परिसरात एकूण अपघात ८ ते ४९ टक्के आणि जीवघेणे किंवा गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले आढळले. आकड्यांची पट्टी रुंद आहे, कारण जागा चुकली तर कॅमेरा नुसता खांब असतो. जाता जाता: रस्त्याकडेच्या कॅमेऱ्याचा जनक मॉरिस गॅटसोनिडेस हा डच रॅली चालक. वळणावर आपला वेग किती पडतो हे मोजून आणखी जोरात जाता यावे म्हणून त्याने यंत्र बनवले होते.

मग गस्त कशाला हवी?

कॅमेरा चलन पाठवतो, गाडी थांबवत नाही. झिंगलेला माणूस ५० च्या वेगात कॅमेऱ्याखालून गेला तर कॅमेऱ्याच्या लेखी तो सज्जन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर गुन्हा आहे, पण ते ओळखायला फुंकायचे यंत्र आणि ते तोंडासमोर धरणारा पोलीस लागतो. परवाना नसलेला, डुलक्या काढणारा, चौदा वर्षांचा पोरगा, ब्रेक गेलेला टेम्पो, हे सगळे कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटतात.

दुसरे म्हणजे परवान्यावरची कारवाई. कलम १८३ मध्ये अतिवेगाला हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये दंड आहे, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. कॅमेऱ्याचे चलन मालकाच्या नावाने निघते. चालवत कोण होते हे मालकाकडून काढून घ्यावे लागते, आणि तिथे सगळे ढिले पडते.

तिसरे: अपघात झालाच तर पहिली गाडी गस्तीचीच पोचते. त्या गाडीत शंकू, परावर्तक त्रिकोण, दोर, प्रथमोपचार पेटी आणि मोठा टॉर्च नसेल तर ती नुसती बसायची सोय.

उसाच्या ट्रॉल्यांचे काय? रात्री त्या दिसतच नाहीत.

गळीत हंगामात आपल्याकडचा हा खरा प्रश्न आणि यात कॅमेऱ्याचा उपयोग जवळजवळ शून्य. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर २० च्या वेगाने चाललाय, मागे दिवा नाही, रेडियम नाही, असलेच तर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली झाकलेले. मागून तुम्ही ८० ने येताय. दोघांतले अंतर सेकंदाला पावणेसतरा मीटरने कमी होतेय. खाली झुकवलेल्या दिव्यात (लो बीम) असा काळा ढीग ४० मीटरवर दिसला तर दीड सेकंदाच्या विचारात त्यातले २५ मीटर संपतात. उरतात १५, आणि वेग ट्रॉलीइतका उतरवायला लागतात २०. म्हणजे मर्यादा पाळणाराही धडकतो.

यावर इलाज रस्त्यावर एकेक ट्रॅक्टर अडवण्याचा नाही. रात्री रस्त्याकडेला थांबवलेली ट्रॉली हाच नवा अडथळा होतो. ट्रॉल्या जिथे आपोआप थांबतात तिथे जायचे: कारखान्याचा काटा. वजनाच्या रांगेत तासन् तास उभ्या असतात. माल उतरून रिकामी झालेली ट्रॉली मागून मोकळी असते, तेव्हा फडक्याने चिखल पुसून, कोरडे करून मग रेडियमची पट्टी लावायची. मागे संपूर्ण रुंदीभर लाल, दोन्ही बाजूंना पिवळी, आणि पट्टी वाढ्यांच्या खाली झाकणार नाही इतक्या खालच्या पाट्यावर किंवा थेट चेसिसवर. ओल्या, मातकट पत्र्यावर चिकटवलेली पट्टी चार फेऱ्यांत गळते. दोन पोलीस, कारखान्याचा एक माणूस आणि रेडियमचे रोल एवढ्यात एका रात्रीत जे होते ते महिनाभराच्या नाकाबंदीत होत नाही. मग रस्त्यावरच्या गस्तीने फक्त बंद पडून उभ्या राहिलेल्या ट्रॉल्या बघायच्या.

गस्त नेमकी कुठे आणि किती वेळ असावी?

रोज त्याच झाडाखाली, त्याच वेळी उभी असलेली गाडी ही गस्त नव्हे. आठवड्याभरात सगळ्यांना वेळ पाठ होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत वापरली गेली आणि ती कुठेही चालण्यासारखी आहे. रस्त्यांचे तुकडे पाडायचे, दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग करायचे आणि कोणत्या तुकड्यावर कोणत्या वेळी उभे राहायचे हे चिठ्ठी काढून ठरवायचे. मनुष्यबळ कमी लागते, आणि चालकाला अंदाज बांधता येत नाही हाच त्यातला मसाला. आपल्याकडे चिठ्ठ्यांत रात्रीच्या वेळा आणि शनिवार-रविवारच्या पन्हाळा, जोतिबा, आंबा घाटाच्या वाटा जास्त टाकाव्यात. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेला आणि नवरात्रात चिठ्ठी बाजूला ठेवून वेगळे नियोजन लागतेच.

उभे राहायची जागा: समोर किमान ३०० मीटर सरळ रस्ता, वळणावर नाही, पुलाखाली नाही, आणि थांबवलेली गाडी पूर्णपणे डांबराबाहेर जाईल एवढी मोकळी जागा. धावत्या पट्ट्यात हात आडवा करून गाडी अडवणे पोलिसाच्याच जिवावर बेतते. एक गाडी थांबवून कागद बघून सोडायला सहा मिनिटे धरली तर दोन तासांत वीस गाड्या होतात. तेवढ्यात बाजूने हजारो निघून जातात. निव्वळ वेगासाठी माणसे खर्च करू नयेत ते यासाठी.

समोरून डिपर मारून “पुढे मामा आहेत” असे सांगतात. याने कारवाई फुकट जात नाही का?

त्या दोन किलोमीटरपुरता वेग उतरतो, म्हणजे निम्मे काम झालेच. दारू आणि कागदपत्रांच्या तपासणीत मात्र नुकसान होते, कारण ज्याला धरायचा तोच आडवाटेने निघतो. म्हणून तपासणी लावताना आडवाटेच्या तोंडाशीही एक माणूस ठेवायचा.

कॅमेरा आहे असा फलक लावावा लागतो का? लपवून का बसवत नाहीत?

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ या नियमानुसार कॅमेऱ्याच्या टप्प्यापूर्वी ठळक फलक हवेत, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करून घ्यायला हवे. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची आणि चलन निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा, हेही त्यातच आहे. लपवलेल्या कॅमेऱ्याने वसुली वाढते, पण अपघाताच्या जागेवर आम्हाला आधी वेग उतरलेला हवा आहे, पत्र नंतर.

चलन आले, पण त्या दिवशी गाडी दारातच होती. काय करायचे?

आधी महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर चलनासोबतचा फोटो उघडा. फोटो न बघताच भांडायला जाणारे निम्मे लोक नंतर मुलाला विचारतात आणि गप्प बसतात. फोटोत गाडीचा प्रकार, रंग, मागचे स्टिकर, आरशांची ठेवण जुळते का बघा. एम एच ०९ मधला एक आकडा चुकीचा वाचला गेला असेल तर तो फोटोतच दिसतो. जुळत नसेल तर आपल्या गाडीचे पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडून तिथेच तक्रार नोंदवा. नंबर हुबेहूब तुमचा आणि गाडी भलतीच असेल तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतोय. त्याची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात लगेच द्या, कारण उद्या ती गाडी अपघात करून पळाली तर दार तुमचे वाजेल.

चलन कळतच नाही अशी तक्रार असते. बहुतेक वेळा आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना किंवा एजंटचा असतो. परिवहनच्या संकेतस्थळावर तो बदलून घ्या.

गाडी विकली, तरी चलन मलाच येते.

नावावर तुमच्या आहे म्हणून. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद खरेदीदाराच्या हातात देणे म्हणजे गाडी नावावरून उतरली असे नव्हे. ते आरटीओत दाखल होऊन आरसीवर नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. पोच घ्या.

‘दादा’, ‘राम’ अशा नंबरप्लेट कॅमेऱ्याला वाचता येतात का?

४१४१ चे ‘दादा’ किंवा २१४ चे ‘राम’ केले की यंत्र अडखळते. नुसत्या त्या प्लेटसाठीही दंड आहेच. इथे गस्त कामाला येते: कॅमेऱ्याला न वाचता आलेल्या प्लेटचा फोटो पुढच्या नाक्यावरच्या गाडीला लगेच गेला तर दहा मिनिटांत दादा हाताशी लागतात. उच्च सुरक्षा नंबरप्लेट या कारणासाठीही लावून घ्यावी.

कॅमेरे म्हणजे नुसती वसुली, असे लोक म्हणतात. खरे आहे का?

जागा बघितली की कळते. उतार संपतो तिथे, सरळ मोकळ्या रस्त्यावर, जिथे कधी काही झाले नाही अशा ठिकाणी मर्यादा अचानक ८० ची ५० होते आणि लगेच कॅमेरा, तर लोकांचा संशय वाजवी आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत ५ गंभीर किंवा जीवघेणे अपघात अथवा १० मृत्यू झाले तर तो काळा ठिपका, म्हणजे ब्लॅक स्पॉट. कॅमेरा त्याच्या अलीकडे हवा.

यश चलनांच्या संख्येवर मोजू नये. चलने दरमहा वाढत असतील तर कॅमेरा काम करत नाही असाच त्याचा अर्थ. मोजायचा तो सरासरी वेग, बसवण्यापूर्वीचा आणि सहा महिन्यांनंतरचा. आणि वर्षभरातल्या अपघातांची तुलना करताना एक सावधगिरी: एखाद्या वाईट वर्षानंतर कॅमेरा बसवला तर पुढच्या वर्षी अपघात आपसूकही थोडे कमी दिसतात. तीन वर्षे आधीची आणि तीन नंतरची धरा.

आणखी एक खोच. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले आहेत. पण घटनास्थळी वेग मोजायचे काही साधन नसते. पंचनाम्यात “भरधाव वेगाने” हे शब्द सवयीने पडतात. खड्डा, बंद दिवा, दुभाजकातली बेकायदा फट अशी कारणे त्या शब्दाखाली गाडली जातात. वेग घातक आहेच, तरी दुरुस्तीची यादी बनवताना नुसत्या त्या रकान्यावर विसंबू नका.

शहरात, दाभोळकर कॉर्नर किंवा व्हीनस कॉर्नरला वेगाचे कॅमेरे बसवावेत का?

दिवसा तिथे वेग असतोच कुठे. तिथे सिग्नल तोडणारे, झेब्रावर थांबणारे आणि उलट्या बाजूने घुसणारे टिपणारा कॅमेरा हवा. वेगाचा कॅमेरा रिंगरोड आणि विद्यापीठाकडच्या सरळ रस्त्यांना.

आमच्या गावच्या फाट्यावर कॅमेरा हवा आहे. अर्ज कुठे आणि कसा करायचा?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे, प्रती पोलीस अधीक्षक, आरटीओ आणि रस्ता ज्यांचा आहे त्यांना, म्हणजे बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरण. “गाड्या फार जोरात जातात” एवढ्यावर अर्ज फाइलला लागतो. सोबत मोजमाप जोडा.

मोजायची साधी रीत: रस्त्याच्या कडेने टेपने १०० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना डांबराबाहेर खुंट्या ठोका. एकाने पहिल्या खुंटीपाशी हात खाली करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या खुंटीपाशी मोबाइलवर वेळ धरायची. ६ सेकंद म्हणजे ताशी ६०, साडेचार म्हणजे ८०, ३.६ म्हणजे १००. पुढे मोकळा रस्ता असलेल्या शंभर गाड्या मोजा, रांगेतल्या धरू नका. वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. पंधराव्या क्रमांकाची वेळ वेगात बदलली की जो आकडा येतो, त्याच्या आत ८५ टक्के गाड्या असतात आणि अभियंते त्यालाच धरून चालतात. ५० मीटरवर मोजू नका, हाताची पाव सेकंदाची चूक तिथे फार मोठी होते. पावसात आणि अंधारात हे करू नका, आणि रस्त्याकडे पाठ करून तर कधीच नको.

सोबत तीन वर्षांतल्या अपघातांच्या तारखा, नोंद क्रमांक आणि फाट्याचा हाताने काढलेला नकाशा द्या. कधीकधी समितीकडून उत्तर येते की कॅमेऱ्याऐवजी दिवा लावतो आणि फाट्याचे तोंड रुंद करतो. ते घ्या. बऱ्याच फाट्यांना तेच जास्त उपयोगी पडते.

पुरात या कॅमेऱ्यांचे काय होते?

२०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आले होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी. खांबावरचा कॅमेरा उंच असतो, तो वाचतो. बुडते ती खाली बसवलेली पेटी: वीजजोड, बॅटरी, जोडणीची तार. पेटी २०१९ च्या पूररेषेच्या वर बसवायची आणि तारा खालून वर न्यायच्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत पेटीत शिरत नाही. पाणी ओसरल्यावर यंत्र चालू झाले म्हणून लगेच चलने काढायची नाहीत. खांब कलला असेल तर कोन बदललेला असतो, नव्याने तपासणी हवी. आणि रस्ता बंद असताना वळवलेली सगळी वाहतूक अरुंद गावरस्त्यांवरून जाते, तिथे एकही कॅमेरा नसतो. ते आठ-दहा दिवस फाट्याफाट्यावर माणूसच लागतो, हातात टॉर्च आणि अंगात रेडियमचे जॅकेट घातलेला. रस्त्यात अडकलात तर पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३.